मास्तरांच्या हातातला दीड इंच

तर पाटी. काल बोलता बोलता आपण तिथेच थांबलो होतो. मास्तर स्टुलावर चढलेले, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी, आणि खाली उभ्या डॉक्टरीणबाई सांगतायत, "डावीकडून थोडी वर. नाही, आता उजवीकडून." मास्तरांनी खिळे तोंडातच ठेवून उत्तर दिलं, "पाटी सरळ आहे, भिंत तिरकी आहे." डॉक्टरीणबाईंनी मोबाइल भिंतीला लावून पाहिला, तर भिंत खरोखरच तिरकी निघाली.

असा माणूस. आणि पाटीवर काय लिहिलेलं, तर चारच शब्द: 'इथे माप चुकत नाही'.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकाम करणारे. बाराव्या वर्षी वस्तादाच्या दुकानात सुया वेचायला बसले, सोळाव्या वर्षी पहिली पँट कापली, आणि पुढे स्वतःच्या दुकानात बेचाळीस वर्षं कोट-पँटी शिवल्या. मास्तरीणबाई शेजारी बसून काज-बटणं करायच्या. दुकानाचा एक कडक नियम होता: गिऱ्हाइकाचं माप मोठ्यानं म्हणायचं नाही. कंबर बेचाळीस असली तरी ती गिऱ्हाईक जाणे आणि मास्तरांची वही जाणे. एकदा एक वकील छाती फुगवून, पोट आत ओढून उभे राहिले आणि म्हणाले, "चौतीस लिहा." मास्तर म्हणाले, "लिहिलं." पँट घरी गेली, वकिलांना ती अंगाबरोबर बसली, आणि आजही ते सांगत फिरतात की त्यांची कंबर चौतीस आहे. मास्तरांनी वहीत काय लिहिलं होतं ते मास्तरीणबाईंनाही कधी कळलं नाही.

पुढे तयार कपड्यांचा जमाना आला. गिऱ्हाइकं कमी होत होत मास्तरांच्या दुकानात उरले दोघंच, मास्तर आणि मशीन. दुकान बंद झालं, पाटी घरात पलंगाखाली गेली आणि मास्तर गॅलरीत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्यांकडे बघून, "उजवा उतरता आहे बरं का याचा," असं पुटपुटत ते दिवस काढू लागले. मास्तरीणबाई वैतागल्या. म्हणाल्या, "अहो, एक दिवस कुणीतरी वर येऊन तुमचाच खांदा उतरवेल."

अशात डॉक्टरीणबाई घरी आल्या. या म्हणजे पूर्वी दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायची ती पोर. तिच्या शाळेच्या गणवेशाची उंची दर वर्षी मास्तरांनीच उलगडून दिलेली. चारचौघांत मास्तर तिला 'तुम्ही' म्हणत, एरवी 'तू'. आता तिचा त्वचेचा दवाखाना होता, आणि त्यात तिनं एक नवं यंत्र भाड्यानं आणलं होतं: अंगावरची चरबी गोठवून घालवायचं. सुरी नाही, टाका नाही, भूल नाही.

"टाका नाही?" मास्तरांना तेवढंच ऐकू आलं. "मग शिवतेस कसं?"

"शिवायचंच नाही, मास्तर. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते की नाही? शेजारच्या तांब्यातलं पाणी गोठतं का?"

"नाही गोठत."

"तसंच अंगात. चरबी पाण्याच्या आधी थिजते. म्हणून गारवा बेतानं दिला तर चरबीच्या पेशी मरतात, आणि वरची कातडी, आतली नस, स्नायू यांना काही होत नाही. मेलेल्या पेशी अंगच हळूहळू उचलून नेतं. दोन-तीन महिने लागतात."

मास्तरांनी विचार केला. "म्हणजे कच्चा दोरा. ओढला की लगेच निघत नाही, पण एकदा सुटला की पुन्हा धरत नाही."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मुद्द्यावर आल्या. पहिल्या तुकडीत नऊ जण घेतले होते. बायका जास्त येतील असं वाटलं होतं, आले सात पुरुष आणि दोन बायका. आधीची मापं नर्सबाईंनी घेतली होती, पण त्या आता बाळंतपणाच्या रजेवर. तीन महिन्यांनंतरची मापं घ्यायला कुणीतरी असं हवं होतं की ज्याच्या टेपवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील. "पुरुषांची तुम्ही घ्या, बायकांची मी घेते. आणि मास्तर, ती पाटीही आणा."

पाटी पलंगाखालून निघाली, तिरक्या भिंतीवर सरळ लागली, आणि मास्तर पुन्हा गळ्यात टेप घालून उभे राहिले. मास्तरीणबाई शेजारणीला सांगत होत्या, "गॅलरी रिकामी झाली, आता वाळवण घालता येईल."

मास्तरांना चैन पडेना. यंत्र काय करतं ते बघितल्याशिवाय माप कसं घ्यायचं? दुसऱ्या तुकडीतल्या एकाच्या परवानगीनं ते कोपऱ्यात बसून बघत राहिले. आधी डॉक्टरीणबाईंनी पोटाची वळी चिमटीत धरली. "चिमटीत येईल तेवढंच आपलं काम," त्या म्हणाल्या. "स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते तिला हे यंत्र हात लावत नाही. वजनही उतरत नाही. फक्त ही गादी पातळ होते, पाचवा हिस्सा, फार तर चौथा." मग कातडीला गारठ्याचा चटका बसू नये म्हणून ओलसर, चिकट कापड लावलं. त्यावर यंत्राचा पेला टेकवला, आणि त्या पेल्यानं ती वळी वासरानं आचळ ओढावं तशी आत ओढून घेतली. त्या माणसानं दहा मिनिटं तोंड वाकडं केलं, मग भाग बधिर झाला आणि तो निवांत पेपर वाचू लागला. पाऊण तासानं पेला काढला तर पोटावर लालभडक, घट्ट, पेल्याच्या आकाराची वडी उभी. मास्तरांनी न राहवून बोट लावलं. फडताळात ठेवलेल्या साबणाची वडीच ती. मग डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं ती वडी रगडली, आणि पाऊण तास शांत असलेला तो माणूस त्या दोन मिनिटांत सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन मोकळा झाला.

"रगडायला मला बोलवा," मास्तर म्हणाले. "कॉलरचा कडकपणा काढायचा हात आहे माझा."

तर असं सगळं छान चाललं होतं. पहिल्या तुकडीचे तीन महिने भरले. सातही पुरुष एकेक करून आले, मास्तरांनी टेप लावला, जुन्या सवयीनं काही न बोलता आकडा कागदावर लिहिला आणि कागद घडी घालून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. शेवटचा आला बसचा ड्रायव्हर. वीस वर्षं मास्तरांकडूनच खाकी पँट शिवून घेतलेला, दारातूनच आवाज देणारा.

"मास्तर, पट्टा बघा. एक भोक आत गेलाय. आता वळण घेताना स्टिअरिंग पोटाला विचारत नाही."

"उभा राहा सरळ," मास्तर म्हणाले, माप घेतलं, लिहिलं.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नऊ कागद समोर मांडले, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन बायकांची मापं इंचभर कमी झाली होती. सात पुरुषांपैकी एकाचंही कमी झालं नव्हतं. उलट सगळ्यांचं वाढलं होतं. ड्रायव्हरचं आधीचं माप बेचाळीस, आताचं साडेबेचाळीस.

त्यांनी मास्तरांना आत बोलावलं. दार लावलं. फार जपून विचारलं, "मास्तर, टेप जुना होऊन ताणला तर नाही ना?"

बेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनी पिशवीतून लोखंडी फूटपट्टी काढली, टेप तिच्यावर ठेवला. रेषेला रेष. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाभोवती टेप गुंडाळला, आकडा लिहिला. डॉक्टरीणबाईंनी आपला नवा टेप गुंडाळला, आकडा वाचला. तोच. टेबलाची रुंदी, तीही तीच. मास्तरांनी टेप गळ्यात घातला आणि पाटीकडे नजर टाकली.

"तुमची चूक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. "म्हणजे मला ज्याची भीती होती तेच. हजारांत एखाद्यावर हे उपचार उलटतात, मास्तर. चरबी मरायच्या ऐवजी वाढते, घट्ट होते. बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त. आपोआप जात नाही, ऑपरेशन करूनच काढावी लागते. पण सातपैकी सात? हातानं दाबून पाहिलं तर मला एकाच्याही पोटात तसा घट्टपणा लागला नाही. पण कागद समोर आहे, आणि कागद तुमचा आहे."

त्यांनी ठरवलं: सोमवारी सकाळी दहाला सातही जणांना बोलवायचं, हात जोडून खरं काय ते सांगायचं आणि यंत्र परत पाठवायचं. "सात घरांत मी दुखणं घातलं," त्या म्हणाल्या. टेबलावरचा डबा तसाच बंद होता, दुपारपासून.

मास्तर घरी आले. रविवारी जेवताना त्यांनी मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता घास हातातच थांबला.

"पण मग त्याचा पट्टा?" ते म्हणाले.

"कुणाचा?"

"ड्रायव्हरचा. पट्टा एक भोक आत गेलाय, मी डोळ्यांनी पाहिला. माप वाढलं असेल तर पट्टा आत कसा जाईल?"

"तुमचा टेप सैलावला असेल."

"तपासला. लाकडावर, लोखंडावर, बरोबर आहे." मास्तर उठले. "मांसावर बघायचा राहिलाय. ये, माझी कंबर घे. मी लिहितो."

मास्तरीणबाईंनी हात पुसले, चष्मा लावला, टेप मास्तरांच्या कंबरेभोवती घेतला. त्या काही दुकानाच्या नियमाला बांधलेल्या नव्हत्या. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अडतीस."

मास्तरांनी वहीत लिहिलं. मास्तरीणबाई वाकून बघत होत्या.

"हे काय लिहिलंत?"

"तू म्हणालीस ते."

"मी अडतीस म्हणाले. तुम्ही साडेएकोणचाळीस लिहिलंय."

"काहीतरीच." मास्तरांनी वही जवळ घेतली, लांब धरली. अक्षर त्यांचंच होतं. साडेएकोणचाळीस.

"पुन्हा घे."

"अडतीस," मास्तरीणबाई म्हणाल्या. पेन्सिल चालली. साडेएकोणचाळीस. आता दोघंही त्या पेन्सिलीकडे बघत राहिले, जणू ती तिसऱ्याच कुणाच्या हातात होती.

मास्तरीणबाई हुशार बाई. त्यांनी पलंगावरचा लोड उचलला, त्याला टेप गुंडाळला. "तीस."

मास्तरांनी लिहिलं, तीस.

"आता माझी." टेप स्वतःच्या कंबरेभोवती घेतला. "चाळीस. हसायचं नाही."

मास्तरांनी लिहिलं, साडेएकेचाळीस.

तेव्हा कुठे मास्तर खाटेवर बसले. सोळाव्या वर्षी वस्तादांनी सांगितलं होतं, कंबरेला दीड इंच सैल धरून मगच लिही, म्हणजे कापताना विसरायला नको. पहिली तीन-चार वर्षं मास्तर मनात बेरीज करायचे. पुढे बेरीज डोक्यातून उतरून बोटांत गेली, आणि डोकं तिला विसरून गेलं. पिंपाला सैल लागत नाही, लोडाला लागत नाही. तिथे हात शहाण्यासारखा वागायचा. माणूस समोर आला की दीड इंच घालायचा. मोठ्यानं म्हणायचं नाही हा नियम, त्यामुळे जन्मात कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तरीणबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"पाटी लावलीये तिथे," मास्तर म्हणाले. "माझ्या हातानं, खिळे ठोकून."

"मग?"

"मग काय. बेचाळीस वर्षांत लोक एकच गोष्ट सांगत आले माझ्याबद्दल. दुसरं काय आहे माझ्याजवळ?" त्यांनी वही मिटली. "असं करता येईल. उद्या पुन्हा मापं घेतो, हात सांभाळून, बरोबर लिहितो. सगळ्यांची कमी भरतील. कुणाला कळायचं कारण नाही."

मास्तरीणबाई ताटं उचलत होत्या. पाठ न वळवताच म्हणाल्या, "आणि ती पोर काय लिहील तिच्या नोंदवहीत? की आठवड्यात दीड इंच गेला? पुढच्या माणसाला ती तेच सांगणार."

मास्तर टेपची गुंडाळी करू लागले.

"डबा बंद होता म्हणालात तिचा," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि भांडी घासायला गेल्या.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी मास्तर पायरीवर हजर. डॉक्टरीणबाई आल्या, डोळे ओढलेले. मास्तरांनी घसा साफ केला, चारचौघं नव्हते म्हणून 'तू' म्हणाले, आणि पाटीखाली उभं राहून सगळं सांगून टाकलं: पेन्सिल, लोड, अडतीस, साडेएकोणचाळीस. वहीही दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी वही जवळ ओढून आकड्यांवरून बोट फिरवलं.

"पिंप बरोबर लिहिलंत," त्या हळूच म्हणाल्या.

"पिंप बरोबर."

"लोड बरोबर."

"लोडही बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलायला लागले. बेचाळीस वर्षं खांदे वाचलेल्या माणसाला हे खांदे रडतायत की हसतायत ते कळेना. मग त्यांनी डोकं वर केलं. हसत होत्या, आणि डोळेही पुसत होत्या.

"वजाबाकीवर मी विश्वास ठेवणार नाही, मास्तर. तुमचा हात एखाद्या दिवशी पावणेदोन घालत असेल. सगळी मापं पुन्हा. तुम्ही टेप धरा, आकडा मोठ्यानं म्हणा, लिहिणार मी."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

दहाला सातही जण आले. मास्तरांनी नियम मोडला आणि आकडे म्हटले. पहिल्या दोघांच्या वेळी आवाज फुटेना, जणू भर बाजारात कुणाची बायको कुठे गेली ते सांगतायत. पाच जणांचा इंच-सव्वा इंच गेला होता. एकाचा जेमतेम अर्धा. एकाचा काहीच नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी ते तसंच लिहिलं. त्याला समजावलं, "सगळ्यांची गादी सारखी जात नाही. आणि राहिलेल्या पेशी खाण्यानं फुगतात, ते मी आधीच सांगितलं होतं." पोट घट्ट झालेला, उपचार उलटलेला एकही नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या हातानं दाबून सांगितलं होतं तेच खरं निघालं. अकराच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला आणि आत बसून दोन्ही खण संपवले.

मास्तर मात्र पक्कड आणायला गेले. परत आले, स्टूल ओढलं, वर चढले आणि पाटीच्या पहिल्या खिळ्याला हात घातला. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, "राहू दे हो," पण मास्तरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात ड्रायव्हर शर्ट खोचत बाहेर आला. त्याचं माप एकेचाळीस भरलं होतं, आणि खरी गोष्टही त्याच्या कानावर गेली होती. स्टुलाखाली येऊन, पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवून तो उभा राहिला. बाकीचे सहा जण मागे.

"मास्तर, म्हणजे वीस वर्षं माझ्या कंबरेत दीड इंच खोटा लिहीत होतात तुम्ही? आणि वर ही पाटी?"

मास्तरांच्या हातात पक्कड तशीच राहिली. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि अर्धा निघालेला खिळा अंगठ्यानं परत आत दाबला.

"खोटा नव्हता रे. माप उभ्या माणसाचं घ्यायचं आणि पँट बसलेल्या माणसाची शिवायची, एवढं एकच मला शिकवलंय. वीस वर्षं गाडी चालवलीस, एकदा तरी कंबरेत उसवली का? इथे माणूस उभाच ठेवायचा आहे, हे आधी कुणी सांगितलंच नाही मला."